धुक्यातील पालम

दिल्लीत बिऱ्हाड थाटून राहिलेल्या मराठी कुटुंबाकडे पौष महिन्यात कोणी पाहुणा यावयाचा असला, म्हणजे घरातील मंडळी दोन गोष्टींची चौकशी आधी करतात. पाहुण्याने लोकरीचे कपडे बरोबर घेतले आहेत ना, ही पहिली. आणि त्याचे विमान किती वाजता पोहोचते, ही दुसरी. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘सकाळी सात’ असे आले की यजमानाच्या कपाळाला आठी पडते. विमान मुंबईहून वेळेवर निघेल. दिल्लीच्या माथ्यावरही ते वेळेवर येईल. शंका असते ती शेवटच्या दोनशे फुटांची.

काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी चार दिवस माझी वाईची आत्या अशाच सकाळच्या विमानाने यावयाची होती. तिचे वय पंचाहत्तर आणि विमानात बसण्याची ही दुसरीच खेप. म्हणून मी पहाटे पाचालाच घर सोडले. एरवी पाऊण तासाच्या त्या रस्त्याला त्या दिवशी दोन तास लागले. मोटारीच्या दिव्यांचा उजेड चार पावलांवर जाऊन भिंतीला लागावा तसा थांबत होता. पुढील ट्रकचे तांबडे दिवे हीच काय ती दिशा. विमानतळावर पोहोचून पाहतो, तो फलकावरील बहुतेक गावांच्या नावांपुढे एकच शब्द लिहिलेला होता: विलंब. आत्याचे विमान अर्धा तास आकाशात घिरट्या घालून जयपूरला नेण्यात आल्याचे समजले. थोड्याच वेळात तिचाच दूरध्वनी आला.

“अरे, मी जयपुरात आहे. इथं लख्ख ऊन पडलंय. तुमच्या दिल्लीत धुकं आहे म्हणतात, म्हणून आम्हाला इथं आणलं. धुकं काय आम्ही पाहिलं नाही? पसरणीच्या घाटातून पावसाळ्यात एस.टी. जाते की!”

आत्याच्या म्हणण्याला मी तेव्हा ‘हो’ म्हणून वेळ मारून नेली. परंतु घाटातील धुके आणि दिल्लीचे धुके यांत जो भेद आहे, तो समजल्यावाचून या विमानतळाची गेल्या साठ वर्षांची धडपड समजावयाची नाही.

महाबळेश्वर-पाचगणीस आपण जे पाहतो, तो वास्तविक ढगच होय. समुद्रावरून आलेला ढग डोंगराला टेकतो, आपण त्याच्या पोटात उभे असतो, आणि वारा सुटला की तो पुढे निघून जातो. दिल्लीचे धुके कोठून चालून येत नाही. ते जागच्या जागी जमिनीपाशी जन्म घेते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री दीर्घ असतात. पश्चिमेकडून एखादे पावसाळी आवर्त येऊन जमीन भिजवून जाते, मागोमाग आकाश निरभ्र होते आणि वारा पडतो. मग उघड्या आकाशाखाली भूमी आपली सारी ऊब गमावून बसते व तिच्यालगतची हवाही गारठते. एरवी खालची हवा उष्ण आणि वरची थंड असल्यामुळे ती वर-खाली खेळत राहते. येथे नेमके उलटे घडते. थंड हवा खाली आणि तीहून उबदार हवा वर, असे जणू भांड्यावर झाकण बसते. त्या झाकणाखाली बाष्प, चुलींचा व मोटारींचा धूर, धूळ ही सारी कोंडून राहतात. बाष्पाला थेंब होण्यासाठी कणाचा आधार लागतो, आणि दिल्लीच्या हवेत कणांना तोटा नाही. कण जितके अधिक, तितके थेंब संख्येने अधिक व आकाराने सूक्ष्म. आणि थेंब जितके सूक्ष्म, तितके धुके अधिक अपारदर्शक व अधिक चिवट. सूर्य उगवला की ते विरेल, अशी नवख्या माणसाची समजूत असते. प्रत्यक्षात उजाडल्यानंतर दवाची वाफ होऊ लागते, हवेत किंचित चलनवलन सुरू होते आणि तास-दोन तास धुके पूर्वीहून दाट होते. सकाळी सातच्या विमानाचे वैर आहे ते याच घटकेशी.

दोनशे मीटरच्या आतले दिसेनासे झाले म्हणजे हवामान खाते त्याला ‘दाट’ धुके म्हणते, आणि पन्नास मीटरच्या आतलेही दिसेनासे झाले म्हणजे ‘अति दाट’.

अशा या सपाट मुलखात राजधानीचा विमानतळ आला, तो धुक्याचा विचार करून खचितच नव्हे. पालम हे मूळचे एक जुने गाव. तेथील एका बावडीत इ. स. १२७६ मधला संस्कृत शिलालेख सापडला असून त्यात दिल्लीचे ‘ढिल्ली’ हे नाव आढळते. मोगल सत्ता ओसरल्यावर शाह आलम बादशहाचे राज्य दिल्लीपासून पालमपर्यंतच उरले आहे, अशी थट्टा लोक करीत. हा शाह आलम म्हणजे ज्यास १७७२ मध्ये महादजी शिंद्यांच्या फौजांनी दिल्लीच्या तख्तावर परत आणून बसविले, तोच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलाने पालमला तळ उभारला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. मुलकी विमाने तेव्हा सफदरजंगच्या मकबऱ्याजवळील लहानशा मैदानावर उतरत. जेट विमानांना ते मैदान अपुरे पडू लागले आणि १९६२ मध्ये प्रवासी वाहतूक पालमला हलविण्यात आली. पुढे १९८६ च्या मे महिन्यात नवी आंतरराष्ट्रीय इमारत उघडली आणि विमानतळास इंदिरा गांधींचे नाव देण्यात आले. २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांच्या आधी ३७ महिन्यांत बांधलेली तिसरी प्रचंड इमारत उभी राहिली, तिच्या भिंतीवरील हस्तमुद्रांची शिल्पे वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिली असतील. २०२३-२४ या एका वर्षात ७ कोटी ३० लाखांहून अधिक प्रवाशांनी या विमानतळाची वाट तुडविली. दिल्लीतील जुने लोक मात्र अजून ‘पालम’ असेच म्हणतात, आणि मलाही तेच नाव जवळचे वाटते.

इमारतींचे वर्णन पुष्कळ वेळा होते. विमानतळाचे खरे मोल त्याला न दिसणाऱ्या हवेत पाहता येते की नाही, यावर ठरते; आणि पालमने ही विद्या फार मोठी किंमत देऊन मिळविली आहे.

३१ मे १९७३ च्या रात्री मद्रासहून आलेले एक बोईंग विमान पालमला उतरत होते. हवा वादळी होती व दृश्यमानता अगदी कमी झालेली होती. धावपट्टी डोळ्यांना दिसल्याखेरीज ज्या उंचीच्या खाली यावयाचे नाही, त्या उंचीच्याही खाली विमान आले आणि विजेच्या उच्च दाबाच्या तारांना लागून कोसळले. आतील ६५ जणांपैकी ४८ जण मृत्यू पावले. त्यांत केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम् हेही होते.

दुसरा अपघात याहून भीषण होता. १२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे जंबो विमान आणि दिल्लीकडे येणारे कझाकस्तानचे विमान हरियानातील चरखी दादरीच्या आकाशात एकमेकांवर आदळले. ३४९ माणसांपैकी एकही वाचला नाही. हवेतल्या हवेत झालेल्या टकरींत इतकी जीवहानी जगात दुसऱ्या कोणत्याही वेळी झालेली नाही. कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर राहण्यास सांगितलेले असता ते त्याखाली आले, हे चौकशीत निष्पन्न झाले. परंतु वाचकांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. दिल्लीस येणारी आणि दिल्लीहून जाणारी विमाने त्या काळी एकाच आकाशमार्गाने जात-येत. आणि नियंत्रकापुढील रडार विमान कोठे आहे ते दाखवी, किती उंचीवर आहे ते दाखवीत नसे. उंची वैमानिकाने तोंडाने सांगावयाची आणि नियंत्रकाने ती खरी मानावयाची, असा प्रकार होता. उंची दाखविणारे नवे रडार तेव्हा बसविले जात होते. या दुर्घटनेनंतर जाण्या-येण्याचे मार्ग निराळे झाले, आणि समोरून येणाऱ्या विमानाची सूचना वैमानिकाला आपोआप देणारे उपकरण भारतीय आकाशात सक्तीचे करण्यात आले.

आता धुक्याकडे वळू. धुक्यात विमान उतरते कसे?

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाशी आकाशकांबींची एक रांग असते. तिच्यातून दोन रेडिओ-झोत निघतात, एक किंचित डावीकडे आणि दुसरा किंचित उजवीकडे. एका झोतावर सेकंदाला ९० आवर्तनांचा सूर चढविलेला असतो, दुसऱ्यावर १५० आवर्तनांचा. विमानातील यंत्र हे दोन्ही सूर एकाच वेळी ऐकते. दोन्ही सारखे ऐकू आले म्हणजे विमान बरोबर मध्यरेषेवर आहे. एक सूर चढा लागला तर विमान त्या अंगाला कलले आहे. असेच दोन झोत वर-खाली सोडून उतरणीचा मार्ग आखलेला असतो, आणि हा मार्ग जमिनीशी सुमारे तीन अंशांचा कोन करतो. वैमानिकांच्या बोलण्यात या साऱ्या व्यवस्थेला ‘आय.एल.एस.’ म्हणतात. साध्या प्रतीच्या व्यवस्थेवर वैमानिक दोनशे फुटांपर्यंत खाली येऊ शकतो. तेथे धावपट्टीचे दिवे दिसलेच पाहिजेत. न दिसल्यास त्याने क्षणाचाही विलंब न लावता विमान पुन्हा वर न्यावयाचे. त्यासाठी धावपट्टीवर निदान ५५० मीटरपर्यंतचे दिसावे लागते. दिल्लीच्या जानेवारीत हा आकडा म्हणजे चैन होय.

म्हणून या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत पालमला तिसऱ्या श्रेणीची व्यवस्था बसविण्यात आली. तिच्या वरच्या पायरीत ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकते. या आकड्याचा अर्थ पाहावा. उतरणाऱ्या जेट विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. सेकंदाला सुमारे सत्तर मीटर झाले. म्हणजे वैमानिकाला जेवढे दिसते तेवढे अंतर एका सेकंदाच्या आतच संपते. डोळ्याने पाहून हाताने काही करावे, एवढा अवकाशच तेथे उरत नाही. विमान स्वयंचलित यंत्रे उतरवितात. दोघे वैमानिक त्या यंत्रांवर नजर ठेवून असतात आणि काही विपरीत भासताच विमान वर नेण्याच्या तयारीत असतात.

जमिनीवरील तयारीही तितकीच काटेकोर असावी लागते. धावपट्टीच्या मध्यरेषेवर पांढरे दिवे असतात. शेवटचे नऊशे मीटर राहिले की त्यांत एकाआड एक तांबडे दिवे लागतात आणि शेवटच्या तीनशे मीटरांत सारेच तांबडे होतात. त्यामुळे अंधातरी धावणाऱ्या वैमानिकास पुढे किती पट्टी उरली ते कळते. पट्टीवरून बाहेर जाणारी वाट हिरव्या दिव्यांची. वीज गेली तर दुसऱ्या सोयीने हे दिवे एका सेकंदात पुन्हा लागले पाहिजेत, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. आपल्या घरातील दिवे किती वेळात परत येतात, ते ज्याचे त्याने आठवावे!

आणि धुके किती आहे, हे सांगावयाचे कोणी? पूर्वी एक माणूस ठरलेल्या जागी उभा राहून धावपट्टीचे दिवे मोजी. जितके दिवे दिसतील त्यावरून अंतर काढीत. आता प्रकाशाचा झोत ठराविक अंतरावरील यंत्राकडे सोडतात आणि वाटेत त्यातील किती प्रकाश हरवला यावरून दृश्यमानता काढतात. या कामासाठी बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘दृष्टि’ नावाचे यंत्र तयार केले व ते पालमलाही बसविण्यात आले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. नियंत्रण मनोऱ्याची गंमत तर आणखीच. २०१९ मध्ये सुरू झालेला हा मनोरा १०२ मीटर उंच आहे. एवढ्या उंचीवरून सारा तळ हाताच्या तळव्यासारखा दिसावा, हा हेतू. पण दाट धुक्यात तेथे बसलेल्या नियंत्रकाला पायाखालची धावपट्टीही दिसत नाही. मग जमिनीवरील विमाने आणि गाड्या यांच्या हालचाली टिपणाऱ्या रडारच्या पडद्यावर तो आपला सारा कारभार चालवितो.

इतके सारे असता विलंब का व्हावा, असे त्या सकाळी माझ्याप्रमाणेच तेथे ताटकळणारा प्रत्येक जण विचारीत होता. त्याची कारणे आहेत. पहिले असे, की रेडिओ-झोत फार हळवे असतात. आकाशकांबींजवळ एखादे मोठे विमान उभे राहिले तर त्याच्या धातूच्या अंगावरून झोत परततात आणि मार्ग वाकडा होतो. स्वच्छ हवेत वैमानिक ती चूक डोळ्याने सुधारतो. धुक्यात ते शक्य नसते. म्हणून धुक्यात विमाने पट्टीपासून पुष्कळ मागे उभी करतात, आणि दोन उतरणाऱ्या विमानांतील अंतर वाढवितात. तासाला उतरणाऱ्या विमानांची संख्या त्यामुळे घटते. दुसरे कारण प्रवाशांना चमत्कारिक वाटते. ५० मीटर दृश्यमानतेत उतरता येते, पण उड्डाणाला साधारणपणे १२५ मीटर लागतात, कारण उतरताना यंत्र वाट दाखविते आणि जमिनीवर धावताना वैमानिकाला आपल्या डोळ्यांनी पट्टी धरून ठेवावी लागते. मग उतरलेली विमाने निघू शकत नाहीत, उभ्या करावयाच्या जागा भरतात, आणि वरच्यांना उतरावयास जागा राहत नाही.

तिसरे कारण माणसांचे आहे. विमान सज्ज, धावपट्टी सज्ज. पण वैमानिकाने या विद्येचे शिक्षण घेतलेले नसेल तर सारे व्यर्थ. १० डिसेंबर ते १० फेब्रुवारी हा काळ धुक्याचा म्हणून ठरलेला आहे. तो पंचांगातील सणासारखा दरवर्षी येतो. तरीही डिसेंबर २०२३ च्या अखेरच्या आठवड्यात पन्नासांहून अधिक विमाने दिल्लीहून अन्यत्र वळवावी लागली आणि त्यांतील काहींवर धुक्यात उतरण्याचे शिक्षण झालेले वैमानिक नेमलेले नव्हते, म्हणून विमान-वाहतूक महासंचालनालयाने दोन कंपन्यांकडे खुलासा मागितला. पुढच्याच महिन्यात, १४ जानेवारी २०२४ ला, पहाटे काही तास दृश्यमानता शून्यावर गेली. तिसऱ्या श्रेणीची एक धावपट्टी त्या वेळी दुरुस्तीसाठी बंद होती. शेकडो विमाने खोळंबली. गोव्याकडे जाणाऱ्या एका विमानात तर विलंबाची सूचना देत असलेल्या वैमानिकावर एका प्रवाशाने हात उगारला. तास न् तास खुर्चीत खिळून बसलेल्या माणसाचा संताप मला समजतो; परंतु त्या वैमानिकाचा अपराध एवढाच होता, की तो विलंबाची सूचना देत होता. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या चौथ्या धावपट्टीवर तिसऱ्या श्रेणीची व्यवस्था या घोटाळ्यानंतर लगोलग चालू करण्यात आली. ती महिनाभर आधी का झाली नाही, हा प्रश्न विचारणे गैर होणार नाही.

धुके टाळता येत नसेल, तर ते केव्हा येईल हे तरी आधी कळावे, म्हणून मोठे काम चालले आहे आणि त्यात पुणेकरांचा वाटा आहे. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने हवामान खात्याच्या साहाय्याने २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून पालमलाच आपली उपकरणे नेऊन मांडली. जमिनीचे व हवेचे तापमान, वारा, बाष्प, धुक्याच्या थेंबांचा आकार, त्यांतील क्षार यांची नोंद हिवाळाभर रात्रंदिवस घेतली जाते. धुके कोणत्या घटकेला धरते आणि कोणत्या घटकेला सोडते, याचे भाकीत आता पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक नेमके करता येते; आणि विमान मुंबईहून निघण्यापूर्वीच ते थांबवावे की सोडावे, हे ठरविण्यास त्याचा उपयोग होतो.

याच संदर्भात मद्रासच्या तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला शोध गृहिणींनीही वाचावा असा आहे. दिल्लीच्या हवेतील सूक्ष्म कणांत क्लोराइडचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके मोठे आढळले. प्लॅस्टिकचा कचरा जाळल्याने आणि काही कारखान्यांतून हायड्रोक्लोरिक आम्ल हवेत जाते. ते अमोनियाशी मिळून कणांवर बसते, आणि असे कण पाणी झपाट्याने शोषून फुगतात. धुके दाट करण्यात या कणांचा मोठा हात आहे. कोणत्याशा गल्लीच्या कोपऱ्यावर रात्री शेकोटीत टाकलेली पिशवी आणि पहाटे जयपूरला वळलेले विमान यांचा संबंध असा थेट लागतो, हे मी तरी तोपर्यंत कधी मनात आणले नव्हते.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमारास सूर्याचे बिंब ताटलीसारखे दिसू लागले. मग विमानांच्या शेपट्या, मग पंख. पहिले विमान उडाल्याचा आवाज आला तेव्हा प्रतीक्षागृहातील अनोळखी माणसे एकमेकांकडे पाहून हसली. आत्याचे विमान दीड वाजता उतरले.

ती चाकांच्या खुर्चीला ठाम नकार देऊन चालत आली. हातात पितळी डबा होता.

“फार त्रास झाला का गं आत्या?” मी विचारले.

“त्रास कसला? चार तास विमानातच बसवून ठेवलं होतं. शेजारची पोरं भुकेनं रडायला लागली, तेव्हा डबा उघडला. संक्रांत अजून चार दिवसांवर आहे, पण काय करायचं? आता तुमच्यासाठी अर्धेच लाडू उरलेत.”

घरी येईतो तिने धुक्याविषयी आणखी काही विचारले नाही. मोटार दाराशी थांबली तेव्हा मात्र म्हणाली, “परतीचं तिकीट दुपारचं काढ हो.”